बाटलीसाठी बुडी

यवतमाळ जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. मधल्या मुलखातून अरुणावती, अडाण, पूस, बेंबळा वाहतात. इसापूरसारखं मोठं धरण आहे, शेतोशेती विहिरी आहेत. एवढं असूनही पाठीवर हवेची टाकी बांधून जुनी काचेची बाटली शोधायला पाण्यात उतरलेला माणूस इथे कुणी पाहिला नसेल. कुणी उतरलाच तर नदीवर म्हशी धुणारे लोक आधी त्याला वेड्यात काढतील आणि मग पोलीस पाटलाला निरोप धाडतील.

अमेरिकेत मात्र या छंदाला चांगली दोन-तीन पिढ्यांची परंपरा आहे. दक्षिण कॅरोलायना राज्यात कूपर नावाची नदी आहे. पाणी चहाच्या अर्कासारखं काळपट, त्यात सुसरीच्या जातीतल्या अ‍ॅलिगेटरचा वावर. तिच्या तळाशी लाखो वर्षांपूर्वीच्या महाकाय शार्कचे दात सापडतात आणि जुन्या मळ्यांच्या धक्क्यांवरून फेकलेल्या बाटल्याही. दिवा लावला तरी हातभर पलीकडचं दिसत नाही, म्हणून तिथले पाणबुडे तळ डोळ्यांनी पाहत नाहीत, हातांनी चाचपतात. बोटांना गोल, गुळगुळीत असं काही लागलं की ते पिशवीत जातं. या छंदाला तिथे सरकारी परवाना लागतो आणि काय काय सापडलं याचा अहवाल राज्य विद्यापीठातल्या पुरातत्त्व संस्थेला द्यावा लागतो.

बाटली पाण्यात टिकते कशी, हा पहिला प्रश्न. लोखंड गंजतं, लाकूड किड्यांच्या तोंडी जातं, कापड कुजतं. काच यातलं काहीच करत नाही. तरी तिलाही पाणी लागतं, फक्त सावकाश. काचेतले क्षार पाण्यात झिरपत जातात आणि पृष्ठभागावर पातळ पापुद्रे तयार होतात. त्यांवर प्रकाश पडला की मोरपिसासारखे रंग चमकतात. संग्राहक त्या रंगांवर लुब्ध असतात. खरं म्हणजे ते काचेच्या आजाराचं लक्षण आहे. समुद्रातून काढलेली बाटली तशीच उन्हात वाळवली तर आत शिरलेल्या मिठाचे स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटू लागतात. म्हणून ती आधी ओलीच ठेवायची, हळूहळू गोड्या पाण्यात मुरवायची आणि मग सावलीत सुकवायची.

दुसरा प्रश्न बाटलीच्या वयाचा, आणि गंमत खरी इथे आहे. बाटली हातात घेऊन आधी बूड पाहायचं. मध्यभागी खडबडीत, फुटक्या काचेचा वण असेल तर ती कारागिराने फुंकून बनवलेली आहे. तोंडाला आकार देताना ती बुडाकडून एका सळईला चिकटवून धरत, सळई तोडली की तो वण मागे राही. मग अंगावरची शिवण पाहायची, म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे जुळले ती बारीक रेघ. रेघ गळ्याशीच थांबली असेल तर ओठ वेगळ्या हत्याराने घडवलेला असतो आणि बाटली बहुधा यंत्रयुगाच्या आधीची ठरते. रेघ ओठावरून पार वर गेली असेल तर ती यंत्रावरची. मायकेल ओवेन्स या अमेरिकी माणसाने १९०३ च्या सुमारास बाटल्या बनवणारं स्वयंचलित यंत्र उभं केलं आणि फुंकणी कारागिरांचे दिवस भरत आले. पत्र्याचं दातेरी बूच १८९२ चं. ते बसवण्यासाठी ओठाला कड असेल, तर बाटली त्याआधीची असूच शकत नाही.

रंगही बोलतो. वाळूतल्या लोहामुळे साधी काच हिरवट होते. ती पांढरीस्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात मँगेनीज घालत. अशी काच वर्षानुवर्षं उन्हात पडली तर जांभळी होते. पाण्यात, उन्हाआड राहिलेली बाटली तशीच राहते. (मँगेनीजच्या खाणींसाठी आपले नागपूर आणि भंडारा जिल्हे नावाजलेले आहेत, हे जाता जाता.)

भारतात सर्वांच्या ओळखीची जुनी बाटली म्हणजे गोटीसोड्याची. हायरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. गळ्यात काचेची गोटी, ओठाच्या आत रबराची कडी. बाटली उलटी धरून सोडा भरायचा. वायूचा दाब गोटीला कडीवर असा दाबून धरतो की वेगळं बूच लागतच नाही. अंगठ्याने किंवा लाकडी ठोकळ्याने गोटी आत ढकलली की फस्स आवाज येतो. ओतताना ती पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून गळ्याला दोन चिमटे काढलेले असतात, गोटी तिथे अडकून बसते. पोरांना गोटी हवी असे, त्यामुळे असंख्य बाटल्या दगडावर आपटून फुटल्या. मात्र गोटी दिसली म्हणजे बाटली शंभर वर्षांची, असं समजू नये. ही बाटली भारतात अगदी अलीकडेपर्यंत बनत आली आहे. जुन्या बाजारात भाव सांगणारा ही गोष्ट सांगत नाही.

जुन्या सोड्याच्या बाटल्यांवर कारखान्याचं नाव उठावाच्या अक्षरांत असे. पुण्याचे अर्देशीर १८८४ चे, मुंबईचे ड्यूक १८८९ चे. नाव उठवायचं कारण जाहिरातीपेक्षा साधं होतं. सोडा गिऱ्हाइकाचा, बाटली कारखान्याची. ती परत यायलाच हवी.

या छंदाने आपल्याकडे मूळ का धरलं नाही, त्याचं उत्तरही बहुतेक याच हिशेबात आहे. युरोप-अमेरिकेत दारू किंवा औषध संपलं की बाटली नदीत भिरकावली जाई. आपल्याकडे ती फेकायची वस्तूच नव्हती. दारूची रिकामी बाटली तेलाला, तेलाची रॉकेलला, रॉकेलची चिमणीला. दवाखान्यात जाताना बाटली घरून न्यावी लागे. कंपाउंडर तीत लाल औषध भरी आणि बाहेरून कातरीने दाते पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी, एका दात्याला एक डोस. बाटली फुटेपर्यंत तिची सुटका नव्हती, आणि फुटल्यावर काचा भंगारात जात. आपल्या नद्यांचे तळ बाटल्यांनी भरलेले नाहीत, याचं श्रेय स्वच्छतेला देता येणार नाही. ते काटकसरीला द्यावं लागेल.

शिवाय नवी बाटली स्वस्तही नव्हती. बराच माल विलायतेहून येई. स्वदेशीच्या वाऱ्यात लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंड काच कारखाना निघाला, नंतर कराडजवळ ओगले बंधूंचा. ओगल्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला, वऱ्हाडातही.

मराठी मुलखाला लागून, पाण्याखाली शास्त्रशुद्ध बुडी मारून बाटलीची काच शोधल्याचं उदाहरण मात्र आहे आणि ते गोव्यातलं आहे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले पुरातत्त्वज्ञ मुरगाव बंदराजवळच्या सुंची रीफ या खडकाळ भागात उतरले. तिथे सतराव्या शतकातलं एक पोर्तुगीज जहाज फुटलं होतं. सापडलं काय? लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, मर्तबानांची खापरं आणि काचेच्या बाटल्यांचे तुकडे. बाजारात त्या तुकड्यांना कुणी विचारणार नाही. पण दात आफ्रिकेकडचे, भांडी चीनकडची आणि दोन्ही एकाच ठिकाणी, यातून जहाजाचा व्यापार कळतो. तिथून फार लांब नसलेल्या सेंट जॉर्ज रीफवर तर विटा आणि कौलं मिळाली, त्यांवर बासेल मिशन टाइल वर्क्स आणि १८६५ हे साल. जहाजाचं नाव कळलं नाही तरी ते त्या सालाच्या आधी बुडालेलं नाही, एवढं त्या ठशाने पक्कं केलं.

हेच तुकडे एखाद्या हौशी पाणबुड्याने उचलून दिवाणखान्यात मांडले असते तर ती नुसती जुनी काच झाली असती. बाटली कुठे पडली होती, कशाशेजारी, किती खोल गाळात, ही माहिती एकदा गेली की परत मिळत नाही.

पाण्यातल्या बाटलीला सोन्याचा भाव आल्याचीही उदाहरणं आहेत, नाही असं नाही. २०१० मध्ये फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ सुमारे ५० मीटर खोलवर एका बुडालेल्या जहाजात शॅम्पेनच्या १६८ बाटल्या मिळाल्या. थंडी आणि काळोख यांमुळे आतली दारू तोपर्यंत पिण्याजोगी राहिली होती. पुढच्या वर्षी त्यांतली व्हव क्लिको या कंपनीची एक बाटली लिलावात ३०,००० युरोंना गेली. रसायनशास्त्रज्ञांना या शॅम्पेनमध्ये लिटरमागे १४० ग्रॅमहून जास्त साखर आढळली. आजची बहुतेक शॅम्पेन १२ ग्रॅमच्याही आत असते. एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंतांची जीभ किती गोडघाशी होती, ते असं कळलं.

यावरून कुणाला इसापूरच्या जलाशयात उडी मारावीशी वाटली तर आधी हिशेब मांडावा. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने हवा भरली की पृष्ठभागावरची सुमारे २,४०० लिटर हवा आत मावते. शांत माणूस मिनिटाला २० लिटर घेतो. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट, म्हणून हवाही दुप्पट. म्हणजे तासभराचीच सोय, तीही सुरक्षित वर यायला राखून ठेवलेली हवा न वजा करता. वर येताना श्वास रोखला तर फुप्फुसं फाटू शकतात. त्यात काळ्या मातीचा गाळ एकदा ढवळला की दिवाही निकामी, आणि धरणात बाभळीची बुडालेली झाडं, मासेमारीची जाळी. जुन्या विहिरीचं तर नावच नको. तिथे विषारी वायू साचलेला असू शकतो आणि दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे गाळ काढायला उतरलेल्यांचे बळी गेल्याची बातमी येते. बुडी मारायची हौसच असेल तर मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे रीतसर शिकावं.

कायदाही ध्यानात ठेवावा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिची परदेशात खाजगी विक्री चालत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ही दहा रुपयांची मर्यादा इंग्रजांनी घातली. बुडालेल्या जहाजातला माल तर सापडणाऱ्याच्या मालकीचा नसतोच.

यवतमाळकरांसाठी बाटल्या शोधायची जागा पाणी नव्हे, कोरडी जमीन आहे. उन्हाळ्यात यारी लावून विहिरीचा गाळ उपसला जातो, तेव्हा त्यात तांबे-पितळेची भांडी येतात तशी एखादी जाड, हिरवट बाटलीही येते. जुन्या वाड्यांच्या पडवीतून, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारातून, शकुंतला रेल्वेच्या स्टेशनांजवळच्या मातीतूनही त्या निघू शकतात. अशा बाटलीतून सोनं निघणार नाही. पण हाती आलीच तर लगेच घासूनपुसून भंगारवाल्याला देऊ नका. ती किती हात खोल गाळात होती आणि शेजारी काय निघालं ते लिहून ठेवा, बुडाचा आणि अंगावरच्या अक्षरांचा फोटो काढा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या प्राध्यापकाला दाखवा.