वादळानंतर नॅशनल पार्कात जाताय? आधी हे वाचा 🌿

१७ मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडं उन्मळून पडली. अशा वाऱ्यानंतर नॅशनल पार्कच्या, म्हणजे बोरिवलीच्या जंगलात शिलोंडा वाटेला निघण्याआधी वाट खुली आहे का, हे वनविभागाकडे नक्की विचारा.

याच जंगलातून वाहणारी दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूने उतरते. वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं.

🔸 पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला, तर लगेच मागे फिरा.
🔸 गुडघ्यावर पाणी असेल तर उतरू नका.
🔸 पाणी ओलांडताना बूट काढू नका, सॅकचा कमरपट्टा सोडा, काठी टेकत प्रवाहाकडे तोंड करून तिरपे चाला.
🔸 शेवाळलेले खडक आणि लटकत्या फांद्या टाळा.

पाणी ओसरेपर्यंत थांबा. जंगल कुठे जात नाही!