गाडीचा सल्ला आणि प्रश्न विचारण्याचं शास्त्र

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात मोटारगाडी कुठून आली? पण प्रश्न कसा विचारावा हा आपल्याकडचा फार जुना विषय आहे, आणि त्याची रोजची परीक्षा आज अशाच ठिकाणी होते. गाडी कुरकुरायला लागते, किंवा नवी घ्यायची असते. आपण मोबाइल काढतो आणि ज्याला कधी पाहिलेलंही नाही अशा जाणकाराला लिहितो, "गाडी गरम होते, काय करू?" तो बिचारा चार ओळी लिहितो. त्या चार ओळींच्या भरवशावर आपण वीस-तीस हजार रुपये खर्च करतो, नाहीतर पोराबाळांना मागच्या सीटवर बसवून घाटात निघतो. म्हणजे पैसाही पणाला लागलेला असतो आणि जीवही.

आता न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट नीट माहीत आहे आणि जी जशी माहीत आहे तशीच ती सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. आपण सल्ला मागताना म्हणतो, समोरचा आप्त असला पाहिजे. बरोबर आहे. पण उलट बाजूनं बघा. त्या माणसासमोर गाडी नाही. त्याला आवाज ऐकू येत नाही, वास येत नाही, बॉनेट उघडून हात घालता येत नाही. त्याच्याकडे फक्त तुमचे शब्द आहेत. म्हणजे त्याच्या दृष्टीनं आप्त तुम्ही आहात! तुमचं सांगणं कच्चं असेल, तर त्याचं ज्ञान कितीही पक्कं असो, सल्ला कच्चाच निघणार.

मग आपलं सांगणं कच्चं कुठे राहतं? बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. आपण पाहिलेलं आणि आपण ताडलेलं यांची सरमिसळ करतो. "क्लच गेलाय" हे अनुमान आहे. "चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही" हे प्रत्यक्ष आहे. पहिलं वाक्य ऐकणाऱ्याला काहीच करता येत नाही, ते मानायचं किंवा नाही एवढंच त्याच्या हातात राहतं. दुसऱ्या वाक्यावरून तो स्वतः विचार करू शकतो. तुमचं अनुमान सांगूच नका असं मी म्हणत नाही. सांगा, पण वेगळं सांगा आणि शेवटी सांगा.

अनुमानाचं आपल्या शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण तुम्हाला माहीत आहे. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असं आपण म्हणतो. हे चालतं, कारण अग्नीशिवाय धूर नाही ही व्याप्ती पक्की आहे. पण गाडीच्या सायलेन्सरमधून धूर येतो, एवढ्यावरून काय कळतं? काहीच नाही. कुठला धूर आणि कधी, ते सांगावं लागतं. निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल जळत असण्याचा संशय. काळा असेल तर हवेच्या मानानं इंधन जास्त जातंय. पांढरा धूर सतत येतोय आणि कूलंटही कमी होतंय, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असेल, हेड गॅस्केट तपासायला हवं. आणि थंडीतल्या सकाळी पहिली पाच मिनिटं पांढरी वाफ दिसून नंतर थांबत असेल, तर ती बहुधा साठलेल्या ओलाव्याची वाफ आहे, घाबरायचं कारण नाही. "धूर येतो" हे लिहायला दोन शब्द लागतात. रंग, वेळ आणि कूलंटची पातळी लिहायला आणखी एक ओळ. खरी किंमत त्या ओळीला आहे.

न्यायात संशयाचंही फार सुंदर विवेचन आहे. संध्याकाळी लांबून काहीतरी उभं दिसतं. खांब आहे की माणूस? उंची दोघांना सारखीच, म्हणून संशय येतो. तो मिटतो कधी? ज्यामुळे एक दुसऱ्यापासून वेगळा पडतो तो विशेष दिसला की. हात दिसले, संशय संपला. गाडीच्या प्रश्नातही हेच शोधायचं असतं. "गाडी गरम होते" यात उंची तेवढी आहे, हात नाहीत.

विशेष कसा शोधायचा? ती गोष्ट कधी घडते आणि कधी घडत नाही, हे दोन्ही बघायचं. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि हायवेला लागलं की उतरतो, असं असेल तर रेडिएटरच्या पंख्यावर संशय जातो, कारण वेगात असताना समोरून हवा आपोआप मिळत असते. उलट शहरात ठीक आणि खंबाटकीच्या चढाला लागलं की काटा वर, तर रेडिएटर तुंबलाय का, कूलंट कमी आहे का, पंप आणि थर्मोस्टॅट नीट चालतात का, हे बघावं लागतं. आवाजाचंही तसंच. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर आवाज येत असेल तर शोध इंजिनाच्या बाजूला. फक्त चाकं फिरताना येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर टायर किंवा व्हील बेअरिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट असा आवाज येत असेल, तर एक्सलचा सीव्ही जॉइंट. "कधी होत नाही" हे लोक लिहितच नाहीत, आणि निम्मं निदान तिथेच असतं.

आता दुसरा दोष. अॅरिस्टॉटलनं हेत्वाभासांची जी यादी केली, तिच्यात एक आहे अनेक प्रश्न एकात कोंबण्याचा. प्रश्नाच्या पोटात एक गृहीतक आधीच लपवलेलं असतं, आणि उत्तर देणाऱ्यानं ते नकळत मान्य केलेलं असतं. कुणी विचारतं, "गाडीत पी ०४२० कोड आलाय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर स्वस्तात कुठे मिळेल?" त्या कोडचा अर्थ एवढाच की कन्व्हर्टरचं काम ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी पडताना दिसतंय. कारण कन्व्हर्टर असेल, त्याच्या मागचा सेन्सर असेल, किंवा एक्झॉस्टला कुठे गळती असेल. सभ्य माणूस दुकानाचा पत्ता देईल, महागडा भाग बसेल, आणि दिवा पुन्हा लागेल. म्हणून आपण काढलेल्या तोडग्याबद्दल विचारण्याआधी मूळ अडचण विचारावी.

गाडी विकत घेतानाचे प्रश्न जरा वेगळ्या जातीचे. बुद्धानं प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काहींना सरळ एकच उत्तर असतं. काहींना फोड करून उत्तर द्यावं लागतं. काहींना उलट प्रश्न विचारूनच उत्तर देता येतं. आणि काही प्रश्न बाजूला ठेवायचे असतात.

"डिझेल घेऊ की पेट्रोल?" हा तिसऱ्या प्रकारचा. जाणकार उलट विचारणारच, "तुमचं रनिंग किती?" समजा डिझेल गाडी दीड लाखानं महाग आहे आणि किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात. मग पैसे वसूल व्हायला ७५,००० किलोमीटर लागतील. वर्षाला १०,००० चालवणाऱ्याला साडेसात वर्षं! शिवाय १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, तेव्हापासून डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. ती काजळी जळायला इंजिन बराच वेळ चांगलं तापून चालावं लागतं. रोज चार किलोमीटर ऑफिस आणि चार परत, एवढंच चालवलं तर तो फिल्टर तुंबण्याची शक्यता वाढते. म्हणून रोजचं अंतर, रस्ता, माणसं किती, बजेट ऑन-रोड की एक्स-शोरूम, गाडी किती वर्षं ठेवणार, हे प्रश्नातच लिहा.

चौथा प्रकार मी जरा अर्थ बदलून घेतो. ब्रेकचं पेडल खाली जातंय, स्टिअरिंग ओढतंय, केबिनमध्ये पेट्रोलचा वास येतोय. "अशी गाडी साताऱ्यापर्यंत नेऊ का?" हा प्रश्न लांबून विचारायचाच नाही. गाडी उभी करा आणि उचलून गॅरेजला न्या. इथे उत्तर चुकलं तर ते दुरुस्त करायला पुन्हा संधी मिळेलच असं नाही.

तर आपला पहिला प्रश्न आता पुन्हा लिहून बघू. "२०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, ८२,००० किलोमीटर. दोन आठवड्यांपासून सिग्नलला पाच मिनिटं थांबलं की काटा चढतो. हायवेला ८० च्या वेगात काटा जागेवर असतो. कूलंट दोनदा, इंजिन गार असताना पाहिलं, कमी झालेलं नाही. एसी लावला तरी पंखा फिरताना दिसत नाही. गॅरेजमध्ये रेडिएटर बदला म्हणतात. त्याआधी पंख्याची मोटर, रिले आणि फ्यूज तपासून घ्यावेत का?" बघा, यात गाडी कोणती ते आहे, पाहिलेलं आहे, कधी होत नाही ते आहे, कुणी काय सांगितलं ते वेगळं आहे, आणि शेवटी असा प्रश्न आहे ज्याच्या उत्तरानं तुमची उद्याची कृती बदलेल. उत्तर काहीही आलं तरी आपण तेच करणार असू, तर तो प्रश्न नाही, ती नुसती मान्यतेची मागणी आहे. आणि हो, गाडीचा नंबर, आरसीचा किंवा विम्याच्या कागदाचा फोटो यातलं काही निदानाला लागत नाही. ते अनोळखी माणसाला पाठवू नका.

शेवटचा मुद्दा. न्यायाच्या सोळा पदार्थांत संशय आहे तसा निर्णयही आहे. संशय मांडून मंडळी गायब होतात, निर्णय कुणी कळवत नाही. पंख्याचा रिले निघाला की रेडिएटर, खर्च किती आला, काटा आता कुठे असतो, हे सांगणाऱ्याला परत जाऊन सांगा. त्याचं अनुमान बरोबर होतं की नव्हतं, हे त्याला दुसऱ्या कुठूनही कळणार नाही. आणि उद्या त्याच संशयात सापडलेल्या तिसऱ्या माणसाला तुमचे ते दोन शब्द आप्तवाक्य म्हणून उपयोगी पडतील.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. ते नीट विचारले जातील अशी आता माझी रास्त अपेक्षा आहे.