हवा, कल आणि रबर

रस्त्यावर टायरची नक्षी झिजली की गाडीवाल्याला धास्ती वाटते. ट्रॅकवर उलटंच घडलं. 1971 मध्ये फायरस्टोनने फॉर्म्युला वनमध्ये नक्षीच नसलेले, गुळगुळीत 'स्लिक' टायर उतरवले. नक्षीच्या खाचा पाणी काढायला असतात. कोरड्या डांबरावर त्यांचं काम नसतं, आणि तेवढी जागा रबराने भरली की पकड वाढते. 1998 मध्ये गाड्यांचा वेग आवरण्यासाठी टायरांवर खाचा सक्तीच्या झाल्या. 2009 मध्ये स्लिक परतले.

रबरावर एवढी चर्चा झाली, पण टायरातली हवा आणि चाकाचा आत-बाहेर कल (कॅम्बर) मात्र बराच काळ संघांच्या मर्जीवरच राहिले.

टायर आणि ट्रॅक यांचं जमलं नाही तर काय होतं, ते जून 2005 मध्ये इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन शर्यतीत दिसलं. 2004 च्या शर्यतीनंतर तिथे नवं डांबर पडलं होतं. शुक्रवारच्या सरावात बाहेरच्या कडेला उंचावलेल्या 13 व्या वळणावर राल्फ शूमाकरच्या टोयोटाचा मागचा डावा टायर फुटला. त्या हंगामात पात्रता फेरी आणि शर्यत एकाच टायरसंचावर पूर्ण करायची सक्ती होती, आणि आपले टायर त्या वळणावर पूर्ण शर्यत टिकतील याची खात्री मिशेलिनला देता येईना. रविवारी फॉर्मेशन लॅप संपताच मिशेलिनच्या 14 गाड्या पिटमध्ये वळल्या. उरल्या ब्रिजस्टोनच्या सहा. हे वळण ज्या अंडाकृती ट्रॅकचा भाग होतं, त्यावर त्याच कंपनीचे फायरस्टोन टायर तीन आठवड्यांपूर्वी इंडी 500 मध्ये धावले होते, त्यामुळे त्या डांबराचा अनुभव तिच्याकडे होता. त्या सहांमध्ये जॉर्डनच्या गाडीत होता नारायण कार्तिकेयन. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला.

सेटिंगचा धडा मात्र खऱ्या अर्थाने 2013 ने दिला. 30 जूनला सिल्व्हरस्टोनवर हॅमिल्टन, मासा, व्हर्न आणि पेरेझ यांचे टायर भर वेगात फाटले. टायर पुरवणाऱ्या पिरेलीने जी कारणं पुढे केली, त्यांत डावे-उजवे टायर अदलाबदल करून बसवणं, हवा कमी ठेवणं आणि चाकाला टोकाचा कल देणं ही प्रमुख होती. या तिन्ही गोष्टी संघ वेगासाठी जाणूनबुजून करत होते. पुढच्या जर्मन शर्यतीत अदलाबदलीवर बंदी आली, हवेला किमान आणि कलाला कमाल मर्यादा ठरली. हे आधीच व्हायला हवं होतं.

आज बुद्ध सर्किटवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला स्वतःची गाडी घेऊन उतरणाऱ्या हौशी चालकालाही हवा, कल आणि रबर याच तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. 25 अंशांवर 30 पीएसआय हवा भरलेला टायर 75 अंशांपर्यंत तापला की आतला दाब साधारण 37 च्या पुढे जातो. म्हणून हवा गार टायरात ठरवून भागत नाही. काही फेऱ्या मारून, पिटमध्ये येताच गरम टायरला गेज लावायचा आणि जास्तीची सोडायची. टायरच्या बाजूला खडूची रेघ ओढली की वळणात तो कुठवर दुमडतो ते कळतं: रेघ फार खालपर्यंत पुसली तर हवा कमी आहे. आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचं तापमान मोजलं की कलाचाही अंदाज येतो. बाहेरचा पट्टा जास्त तापत असेल तर चाक आत झुकवायला वाव असतो. मधलाच तापत असेल तर हवा जास्त आहे. हे सगळं जुळल्यावर महागडे सेमी-स्लिक घ्यायचे की नाहीत याचा विचार करावा, आधी नाही.

आणि सोडलेली हवा घरी निघण्यापूर्वी पुन्हा भरावी लागते. टायर गार झाले की दाब रस्त्यावरच्या गरजेपेक्षा खाली गेलेला असतो, आणि परतीचा हायवे त्याच टायरांवर कापायचा असतो.