अर्भकाच्या मेंदूचे ऊतक-विभाजन आणि सखोल अध्ययन

मेंदूच्या एमआरआय प्रतिमेतील प्रत्येक अंश कोणत्या ऊतकाचा आहे हे ठरविणे, यास ऊतक-विभाजन असे म्हणतात. स्थूलमानाने तीन वर्ग मानले जातात : चेतापेशींची शरीरे ज्यात असतात ते करडे द्रव्य, त्या पेशींचे तंतू ज्यात असतात ते श्वेत द्रव्य, आणि मेंदूभोवती व त्याच्या पोकळ्यांत असणारा मस्तिष्क-मेरुद्रव. प्रतिमा लहान लहान घनखंडांची बनलेली असते. त्यांस व्हॉक्सेल ही संज्ञा आहे. १ मिलिमीटर बाजूचे असे खंड प्रौढाच्या मेंदूत दहा लाखांहून अधिक भरतात. ते एकेक तपासून हाताने त्यांचे वर्गीकरण करावयाचे तर एका मेंदूस कित्येक तास, प्रसंगी कित्येक दिवस लागतात. हे काम यंत्राकडे सोपविण्याची आवश्यकता यातूनच निर्माण झाली.

प्रौढ मेंदूच्या बाबतीत हा प्रश्न तुलनेने सुलभ आहे. टी-१ प्रकारच्या प्रतिमेत श्वेत द्रव्य सर्वांत उजळ, करडे द्रव्य मध्यम आणि द्रव काळसर दिसतो. यास्तव प्रत्येक ऊतकाच्या तेजस्वितेचे वितरण प्रसामान्य आहे असे गृहीत धरून संख्याशास्त्रीय रीतीने विभाजन करता येते. चुंबकीय क्षेत्राशी निगडित कारणांमुळे एकच ऊतक प्रतिमेच्या एका बाजूस उजळ तर दुसऱ्या बाजूस मंद दिसते, ही अडचण होती. हा दोष आणि वर्गीकरण या दोहोंचे अनुमान एकाच वेळी करण्याची पद्धती वेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली मांडली.

परंतु सहा महिन्यांच्या अर्भकाच्या बाबतीत या विचारसरणीचा पायाच ढासळतो. श्वेत द्रव्याचा उजळपणा मुख्यतः तंतूंभोवतीच्या मायेलिन या स्निग्ध आवरणामुळे येतो, आणि जन्मसमयी हे आवरण फारच अपुरे असते. नवजात अर्भकाच्या टी-१ प्रतिमेत म्हणूनच श्वेत द्रव्य करड्या द्रव्यापेक्षा काळसर दिसते. वर्षअखेरीस प्रौढांतील क्रम दिसू लागतो. या दोन अवस्थांच्या मध्ये, सुमारे सहा ते आठ महिन्यांच्या वयात, दोन्ही द्रव्यांची तेजस्विता जवळजवळ सारखी होते. याच पहिल्या वर्षात मेंदूचे आकारमान सुमारे दुप्पट होते. म्हणजे ज्या काळातील वाढ मोजणे विकासविज्ञानास सर्वांत अगत्याचे, नेमक्या त्याच काळात प्रतिमा मुकी होते.

केवळ तेजस्वितेवरून जे कळत नाही ते आकृती, सभोवार आणि स्थान यांवरून कळू शकते. सखोल अध्ययनाचा उपयोग होतो तो येथेच. संवलनी जालात छोटी गाळणी प्रतिमेवरून सरकविली जाते. तिचे भारांक आधी ठरविलेले नसून उदाहरणांवरून शिकले जातात. अशा गाळण्यांचे थर एकावर एक रचले असता आरंभीचे थर कडा ओळखतात, तर पुढील थर वळ्या व त्यांचे परस्परसंबंध ओळखू लागतात. २०१५ साली रॉनेबर्गर, फिशर व ब्रॉक्स यांनी मांडलेल्या यू-नेट या रचनेत प्रतिमा टप्प्याटप्प्याने लहान करून व्यापक संदर्भ मिळविला जातो, नंतर ती पुन्हा मूळ आकारास आणली जाते. आणि या उतरणीत हरवलेला सूक्ष्म तपशील आडव्या जोडण्यांनी चढणीच्या बाजूस थेट पोहोचविला जातो. ‘काय आहे’ आणि ‘नेमके कोठे आहे’ या दोन प्रश्नांचा मेळ त्यामुळे बसतो.

तथापि जाल शिकविण्यास योग्य उत्तरे हवीत. आणि जेथे तज्ज्ञाच्या डोळ्यासही सीमा दिसत नाही तेथे ती आणावयाची कोठून? उत्तर कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली योजिलेल्या आयसेग या स्पर्धेत यावर मार्मिक उपाय केला गेला. त्याच बालकांच्या चोवीस महिन्यांच्या वयातील, स्पष्ट भेद दाखविणाऱ्या प्रतिमांच्या आधारे सहाव्या महिन्याचे प्राथमिक विभाजन केले गेले व मग ते हाताने दुरुस्त केले गेले. मेंदूच्या प्रमुख वळ्या जन्मसमयीच तयार असतात, म्हणून हे शक्य झाले. शिक्षणासाठी दहा आणि परीक्षेसाठी तेरा अर्भकांच्या प्रतिमा होत्या.

यंत्राच्या उत्तराची परीक्षा बहुधा डाइस गुणांकाने होते. दोन विभाजनांच्या सामाईक भागाच्या दुपटीस त्या दोहोंच्या बेरजेने भागले की तो मिळतो. १९४५ साली डाइस यांनी तो परिस्थितिविज्ञानात, जीवजातींचे साहचर्य मोजण्यासाठी मांडला होता. त्याचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. ३० व्हॉक्सेल जाडीचा थर एका व्हॉक्सेलने सरकला तर गुणांक सुमारे ०.९७ राहतो, तोच दोष ३ व्हॉक्सेल जाडीच्या थरात घडला तर तो ०.६७ वर येतो. मेंदूच्या बाह्यकाची जाडी काही मिलिमीटरच असल्यामुळे उच्च गुणांक म्हणजे जाडीचे अचूक मापन असे समजणे धोक्याचे आहे.

याहून गंभीर मर्यादा २०१९ च्या आयसेग स्पर्धेत उघड झाली. या वेळी शिक्षणाच्या प्रतिमा एका केंद्रावरील, तर परीक्षेच्या प्रतिमा अन्य केंद्रांवरील होत्या; आणि केंद्र बदलताच पद्धतींची अचूकता घटली. याचे कारण तात्त्विक आहे. एमआरआयमधील तेजस्वितेस निश्चित एकक नाही. ती यंत्रागणिक व मापनक्रमागणिक बदलते. जाल मेंदूबरोबर त्या यंत्राच्या सवयीही शिकते. बियो व सहकाऱ्यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या सिंथसेगमध्ये यावर वेगळा मार्ग आहे : शरीररचनेच्या नकाशांतून यादृच्छिक तेजस्वितेच्या कृत्रिम प्रतिमा निर्माण करून जालास शिकविले जाते, जेणेकरून त्याने तेजस्वितेवर नव्हे, आकृतीवर विसंबावे.

अर्भकाच्या मेंदूविषयीचे जे निष्कर्ष अशा विभाजनावर उभारले जातात, त्यांची विश्वसनीयता अखेर एका साध्या प्रश्नावर अवलंबून राहते : ज्या यंत्रावर व ज्या वयात प्रतिमा घेतल्या, तेथे त्या पद्धतीची हाताने केलेल्या विभाजनाशी तुलना झाली होती काय? नसेल, तर दोन समूहांत आढळलेला फरक मेंदूंचा की यंत्रांचा, हे सांगता येणार नाही.