धेंपो : पाच राष्ट्रीय विजेतेपदे आणि पुन्हा चढलेली शिडी

उद्योगाने खेळाडूला आधार द्यावा आणि खेळाडूने त्या उद्योगाचे नाव मैदानात मिरवावे, हे नाते खानदेशाला नवे नाही. जळगावच्या जैन इरिगेशनने क्रिकेटपटू, कॅरमपटू आणि बुद्धिबळपटू घडवले, त्यांना नोकरीचे पाठबळ दिले. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात खेळाच्या जोरावर रेल्वेत लागणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. फुटबॉलमध्ये हे नाते सर्वांत दूर नेले ते गोव्याच्या खाणमालकांनी. साळगावकर, सेझा आणि धेंपो ही नावे गोव्यात आधी लोहखनिजाशी जोडलेली होती, मग ती फुटबॉलशीही जोडली गेली. त्यांतल्या धेंपोची कहाणी जळगाव-धुळ्याच्या क्रीडाप्रेमींनी मुद्दाम वाचावी अशी आहे. हा क्लब देशाच्या शिखरावर पाचदा पोचला, घसरला, राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला आणि खालच्या पायऱ्या चढून परत आला.

गोव्यात फुटबॉल आला 1883 साली. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू हवापालटासाठी शिवोलीला आले आणि त्यांनी तिथल्या मुलांना हा खेळ शिकवला. पुढे चर्चच्या शाळांनी तो उचलला. गावोगावच्या सणांना सामने होऊ लागले, भात कापून मोकळी झालेली शेते मैदाने बनली. पोर्तुगीज राजवट 1961 साली संपली तेव्हा खेळ गावागावांत रुजलेला होता. हवा होता तो पैसा आणि व्यवस्था. ती खाणींनी पुरवली.

वसंतराव धेंपो यांनी 1941 साली उभ्या केलेल्या व्यवसायाचा विस्तार खाणकाम, जहाजबांधणी आणि वृत्तपत्रे असा झाला. गोव्याच्या मराठी वाचकाच्या घरी 1970 पासून येणारे ‘नवप्रभा’ हे दैनिक याच घराण्याचे. घराण्याने 1968 साली डिचोलीचा एक फुटबॉल क्लब हाती घेतला आणि त्यातून धेंपो स्पोर्ट्‌स क्लब उभा राहिला. डिचोली हा खाणींचाच तालुका. ज्या भागातून खनिज निघत होते, त्याच भागात क्लबचे मूळ आहे.

त्या काळात देशपातळीवर लीग नव्हती. क्लबची कीर्ती ठरायची ती ड्युरँड, रोव्हर्स, फेडरेशन कप अशा बाद पद्धतीच्या स्पर्धांवर. रोव्हर्स मुंबईत कूपरेजला व्हायचा. धोबीतलावच्या परिसरात गोव्याच्या गावांनी चालवलेली ‘कूड’ नावाची वसतिगृहे होती. बोटीवर कामाला जाणारा गोवेकर तिथे उतरायचा. गोव्याचा संघ कूपरेजवर उतरला की प्रेक्षकांत ही माणसे असायचीच. खेळाडूंना पगार असे तो बहुधा कंपनीतल्या नोकरीचा, फुटबॉल त्या नोकरीच्या जोडीने चाले.

कोलासो यांची बांधणी

राष्ट्रीय फुटबॉल लीग 1996-97 मध्ये सुरू झाली आणि सगळे गणित बदलले. आता आठवडाभरात चषक जिंकून भागणार नव्हते, महिनोन्‌महिने टिकावे लागणार होते. त्यासाठी बदली खेळाडू, परदेशी खेळाडू, प्रवास आणि वर्षभराचे प्रशिक्षण हवे होते. धेंपोने 2000 साली संघाची सूत्रे अर्मांदो कोलासो यांच्या हाती दिली आणि ती 2013 पर्यंत त्यांच्याकडेच राहिली. भारतीय फुटबॉलमध्ये प्रशिक्षक हंगामागणिक बदलतात. एका माणसावर इतका दीर्घ विश्वास टाकण्याचे धाडस फार थोड्या क्लबांनी केले.

कोलासो यांनी कणा स्थानिक ठेवला. महेश गवळी आणि समीर नाईक बचावात, क्लायमॅक्स लॉरेन्स मधल्या फळीत, क्लिफर्ड मिरांडा आणि अँथनी परेरा कडांना. ही गोव्याचीच मुले होती आणि वर्षानुवर्षे एकत्र खेळत होती. त्यांच्या जोडीला ब्राझीलचा बेटो आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आले. बेटोने चेंडूला दिशा द्यायची आणि रँटीने तो जाळ्यात घालायचा, ही जोडी प्रतिस्पर्ध्यांना कित्येक हंगाम आवरली नाही. एकट्या 2011-12 च्या हंगामात रँटीने लीगमध्ये 32 गोल केले.

या यशाच्या सुरुवातीलाच क्लबवर मोठा आघात झाला. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूरच्या कंठीरव स्टेडियमवर फेडरेशन कपचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू ख्रिस्तियानो ज्युनियर याने दोन्ही गोल केले. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. धेंपोने सामना 2-0 असा जिंकला, पण त्या चषकाचा आनंद कुणालाच घेता आला नाही. क्लबने त्याची 10 क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींचा प्रश्न या मृत्यूने देशापुढे उभा केला. तोच हंगाम धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद मिळवून संपवला. स्पोर्टिंग क्लब द गोवा दुसरा आला, म्हणजे देशातले पहिले दोन्ही संघ गोव्याचे होते.

पुढे 2006-07 मध्ये पुन्हा विजेतेपद मिळाले. लीगचे रूपांतर आय-लीगमध्ये झाल्यावर पहिलाच हंगाम, 2007-08 चा, धेंपोने जिंकला. नंतर 2009-10 आणि 2011-12. एकूण पाच. जुनी राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून मोहन बागानच्या नावावरही पाचच आहेत. कोलकात्याच्या त्या शतकाहून जुन्या क्लबची बरोबरी छोट्याशा राज्यातल्या क्लबने केली. एएफसी कपमध्ये 2008 साली सिंगापूरच्या होम युनायटेडला मागे टाकून धेंपो उपांत्य फेरीत पोचला, तिथे लेबनॉनच्या सफा क्लबने त्याला अडवले. कोलासो यांच्या या कामाची सरकारदरबारी नोंद उशिरा झाली. 2024 सालचा द्रोणाचार्य जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला.

शिडी कुणाच्या हाती?

घसरण कशी झाली, हे समजून घ्यायला मैदानाबाहेर पाहावे लागते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 2010 साली व्यापारी हक्कांचा 15 वर्षांचा, 700 कोटी रुपयांचा करार केला. त्यातून 2014 साली इंडियन सुपर लीग आली. शहरांच्या नावाचे आठ नवे संघ, मोठे प्रायोजक, दूरचित्रवाणीवर झगमगाट. जुन्या क्लबांना त्यात आपोआप जागा नव्हती. गोव्याचा नवा संघ उभा राहिला तेव्हा श्रीनिवास धेंपो, दत्तराज साळगावकर आणि औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत असे तिघे त्याचे मालक झाले. घराणे नव्या लीगमध्ये गेले, क्लब जुन्या लीगमध्ये राहिला.

त्याच 2014-15 च्या हंगामात धेंपो आय-लीगमधून खाली उतरला. पाच वेळचा विजेता द्वितीय श्रेणीत! पुढच्याच वर्षी त्याने द्वितीय श्रेणीचे विजेतेपद मिळवून जागा परत मिळवली. पण 2016 साली महासंघाने नवा आराखडा मांडला. त्यात सुपर लीग अव्वल, आय-लीग तिच्याखाली आणि जिंकूनही वर जाण्याची सोय नाही. साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तिन्ही क्लबांनी आय-लीग सोडली. खेळून कमावलेली जागा न खेळता सोडावी लागणे, याहून मोठा पराभव क्लबच्या वाट्याला दुसरा नसावा.

ही अडचण आपल्याच देशाची नाही. मेक्सिकोत 2020 साली लीगने बढती आणि घसरण स्थगित केली. तिथल्या द्वितीय श्रेणीला ‘लिगा दे एक्स्पान्सियोन’ असे नाव मिळाले आणि दुसऱ्या पायरीवरचे क्लब, त्यांतले काही कधीकाळचे मोठे, जिंकून वर जाण्याच्या हक्काला मुकले. हेतू दोन्हीकडे सारखाच दिसतो. मालकांनी गुंतवलेला पैसा एका वाईट हंगामात बुडू नये. पण लीगचा अर्थच असा की, प्रत्येक सामन्याला वर जाण्याची आशा आणि खाली जाण्याची भीती असावी. ती काढून घेतली की दुसऱ्या श्रेणीच्या गावात माणसे सामना पाहायला का येतील?

धेंपोने या वर्षांत जे केले ते मला पाच चषकांइतकेच मोलाचे वाटते. क्लब बंद केला नाही. घराण्याने खाणव्यवसाय 2009 सालीच सुमारे 1,750 कोटी रुपयांना विकला होता आणि 2012 च्या खाणबंदीने गोव्याचे अर्थकारण हादरले होते. हात आखडता घ्यायला कारणे पुरेशी होती. तरीही संघ गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि जुन्या गोव्याजवळ एला येथील अकादमीत मुले तयार होत राहिली. दरम्यान देशात नियमही बदलले. आय-लीगच्या विजेत्याला सुपर लीगचे दार 2022-23 पासून उघडले. पंजाबचा राउंडग्लास आणि त्यापाठोपाठ कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग त्या दाराने वर गेले. धेंपो 2023-24 मध्ये तिसऱ्या पायरीवर, आय-लीग 2 मध्ये उतरला, दुसरा आला आणि 2024-25 मध्ये आय-लीगमध्ये परतला. प्रशिक्षक होता समीर नाईक, ज्याने धेंपोच्या बचावफळीत आपली उमेदीची वर्षे घालवली.

सुपर लीगखाली आय-लीग, तिच्याखाली आय-लीग 2 आणि 2023 पासून आय-लीग 3, आणि त्याही खाली राज्यांच्या लीग, अशी 2024-25 च्या हंगामात शिडी होती. जळगाव किंवा धुळ्यातून उद्या एखादा क्लब निघाला तर त्याला अशाच शिडीने वर जावे लागेल. मैदान, मुले आणि उत्साह खानदेशात आहे, उद्योजकही आहेत. चषकाच्या वर्षी मालकाची छाती फुगतेच. धेंपोची खरी शिकवण त्यानंतरच्या वर्षांची आहे. संघ खाली गेला, वर्तमानपत्रांतून नाव गेले, तरी मुलांच्या सरावाचा खर्च चालू ठेवला, म्हणून परतायला क्लब शिल्लक होता. क्लब काढायचा असेल तर पाच हंगामांच्या यशाचा आराखडा नंतर करावा. अपयशाच्या पाच हंगामांचा खर्च कोण उचलणार, हे आधी ठरवावे.