कूलर, एसी आणि मे महिना : दुरुस्त करावं, बदलावं, की आधी छत पाहावं?

हे व्याख्यान आयोजकांनी संध्याकाळी ठेवलं, त्याबद्दल त्यांचे आभार. हदगावात मे महिन्यात दुपारी दोन वाजता ठेवलं असतं, तर कोणी आलं नसतं, आणि जे आले असते त्यांना विषय वेगळा समजावून सांगायची गरज पडली नसती.

सुरुवात जुन्या घरापासून करू. आपल्या मराठवाड्यातली माळवदाची घरं आठवा. जाड भिंती, लाकडी तुळया, वर हातभर माती. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची. ते घरच आपला एसी होतं. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती, जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांनी जड छताची धास्ती घेतली, आणि ती बरोबरच होती. पत्रे आले, सिमेंटचे स्लॅब आले. घर हलकं झालं, पण तापायला लागलं. म्हणजे कूलर-एसी ही आपल्याकडे निव्वळ चैन नाही. घर बदललं, म्हणून गरज बदलली.

आता कूलर. कूलर हवा थंड करतो म्हणजे नेमकं काय करतो? माठ करतो तेच. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि पाणी ती हवेतून ओढून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण पाऊण युनिटच्या जरा कमी इतकी उष्णता शोषली जाते. तासाला पाच लिटर पाणी उडालं, तर ते काम जवळजवळ एक टनाच्या एसीइतकं होतं. आणि वीज लागते फक्त पंख्याला आणि छोट्या मोटरला.

मग सगळ्यांनी कूलरच का घेऊ नये? कारण वाफ व्हायला हवा कोरडी लागते. मे महिन्यात बाहेर 43 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर चांगला कूलर 27-28 अंशांची हवा देऊ शकतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, तापमान 35 वर आलं, पण आर्द्रता 65 टक्के झाली, की तोच कूलर कसाबसा 30-31 देतो, वर अंग चिकट. लोक म्हणतात, कूलर बिघडला. कूलर बिघडलेला नसतो, हवा बदललेली असते. तेव्हा पाण्याची मोटर बंद करा आणि नुसता पंखा चालू ठेवा.

दुसरी चूक म्हणजे दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवणं. ओली हवा बाहेर जायला वाट पाहिजे. कूलरच्या समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. एसीचं बरोबर उलटं, तिथं फट बुजवायची.

आणि बोअरचं पाणी. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. जाळ्या पांढऱ्या आणि कडक होतात, मग त्यातून हवाही जात नाही आणि पाणीही नीट झिरपत नाही. आठवड्यातून एकदा टाकीतलं सगळं पाणी काढून टाका. ते वाया घालवू नका, झाडांना घाला. ज्या भागानं 2016 मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी येताना पाहिलं, तिथं रात्रीत चाळीस लिटर पाणी उडवणारं यंत्र विचार करूनच चालवायला पाहिजे.

आता मी ज्यासाठी मुद्दाम आलो ती गोष्ट. कूलरचा शॉक. लोखंडी पत्र्याचं अंग, आत पाणी, पाण्यात बुडालेली विजेची मोटर, ओली फरशी आणि अनवाणी माणूस. यापेक्षा वाईट जुळणी घरात दुसरी नसते. मोटरची वायर कुठं तडकली की सगळ्या पत्र्यात वीज उतरते. तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, नीट असेल तर ती वीज जमिनीत जाते. पण आपण काय करतो? तीन पिनांचा प्लग बोर्डात बसत नाही, म्हणून दोन पिनांचा लावतो.

कोणी म्हणेल, आमच्याकडे एमसीबी आहे. मंडळी, एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. तो सहा-दहा अँपिअरचा असतो, आणि माणसाचा जीव जायला एक अँपिअरचा दहावा भागही पुरतो. माणसासाठी आरसीसीबी लागतो, 30 मिलीअँपिअरचा. वीज भलत्या वाटेनं गेली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडतो.

अजून एक आपल्या मातीची गोष्ट. काळी माती मे महिन्यात भेगाळते. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरतं. आणि हे घडतं नेमकं कूलरच्या हंगामात. म्हणून त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत जा. आणि कूलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. लहान पोरांना कूलरजवळ खेळू देऊ नका.

आता एसी. एक टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढायची ताकद, म्हणजे साडेतीन किलोवॅट. एसी थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. उचलणारा हमाल म्हणजे आतला गॅस.

आणि हा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठंतरी गळती आहे. दरवर्षी गॅस भरून घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. माझ्याच घरी तीन उन्हाळे असा गॅस भरला गेला. चौथ्या वर्षी एका पोरानं साबणाचा फेस लावला, तर नटापाशी बुडबुडे आले. नट काढून जोड नव्याने केला, काम झालं.

म्हणून मेकॅनिक आला की चार गोष्टी विचारा. गळती शोधली का? नळीतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपानं काढली का? गॅस वजन करून भरला का? यंत्रावर जो गॅस लिहिलाय तोच भरला का? जुन्या यंत्रात आर-22 असतो, नव्यात बहुधा आर-32. तो थोडा ज्वलनशील आहे. एकाच्या यंत्रात दुसरा भरायचा नाही. आणि दाब तपासायला नायट्रोजनच वापरायचा. ऑक्सिजन वापरला तर तेलाशी संयोग होऊन स्फोट होतो, आणि त्यात पहिला बळी मेकॅनिकचा जातो. तोही कोणाच्या तरी घरचा पोरगा आहे.

मग दुरुस्त की बदल? बाहेरचं युनिट घुमतंय पण सुरू होत नाही, तर कदाचित काही शे रुपयांचा कपॅसिटर गेलाय. हवा कमी येते, तर आधी जाळी धुवा. हे बिघाड दुरुस्तीचे. पण यंत्र दहा वर्षांचं, कॉम्प्रेसर गेलेला आणि गॅस आर-22, तर पैसा नव्यात घाला. मॉन्ट्रियल करारानुसार आर-22 हद्दपार होत चाललाय, तो पुढे महागच होणार. नवा एसी घेतल्यावर 24 अंशांवर ठेवा. एकेक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते.

आणि शेवटी, यंत्र घेण्याआधी एकदा गच्चीवर जा. भर दुपारी स्लॅबला हात लावून बघा. त्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारा, पत्र्याखाली छत बांधून घ्या. माळवद परत येणार नाही, येऊही नये. पण त्यानं शिकवलेलं विसरायला नको : ऊन घरात शिरल्यावर त्याला हाकलण्यापेक्षा, दारातच अडवलेलं स्वस्त पडतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि घरी गेल्यावर जेवायच्या आधी कूलरचा प्लग किती पिनांचा आहे, तेवढं बघा.