जुन्या मोटारीच्या गिअरबॉक्समधील तेल

सेनगाव हे तालुक्याचे ठिकाण असले तरी तेथे रेल्वे नाही. हिंगोलीला जायचे असो, जिंतूरला किंवा रिसोडला, रस्त्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्यामुळे सोयाबीन, तूर व हळद पिकवणाऱ्या या भागात मोटार ही चैनीची वस्तू न राहता दवाखाना, बाजार आणि लग्नकार्य यांच्यासाठी लागणारी वस्तू झाली आहे. नवी गाडी आवाक्यात नसेल तेथे जुनी घेतली जाते, आणि अशा गाड्यांवर हिंगोलीच्या एमएच-३८ या क्रमांकाबरोबरच पुण्याचा एमएच-१२ किंवा छत्रपती संभाजीनगरचा एमएच-२० हे क्रमांकही दिसू शकतात. गाडी घेणारा टायर पाहतो, बॅटरीचे वय विचारतो, इंजिनचे ऑइल बोटावर घेऊन पाहतो. गिअरबॉक्समध्ये कोणते तेल आहे आणि ते कधी भरले, हे मात्र सहसा विचारले जात नाही. त्या तेलाच्या बदलाची खात्रीलायक नोंद मिळत नसेल, तर जुनी गाडी ताब्यात आल्यावर ते एकदा बदलून घेणे शहाणपणाचे आहे. मात्र कोणते तेल घालायचे हे न समजता केलेला बदल फायद्याऐवजी नुकसान करतो, म्हणून या तेलाचे काम थोडे तपशिलात पाहणे आवश्यक आहे.

इंजिनच्या फेऱ्या आणि चाकांच्या फेऱ्या यांचा मेळ घालणारी दातेरी चाकांची पेटी म्हणजे गिअरबॉक्स. गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत गुंतवावे लागतात, आणि मोटारींच्या आरंभीच्या काळात हे काम चालकाच्या कौशल्यावर अवलंबून होते. अंदाज चुकला की दात दातांवर आदळत. १९२८ मध्ये अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीने सिंक्रोमेश ही रचना बाजारात आणली, आणि आजच्या हाताने गिअर बदलायच्या सर्व मोटारी तिच्याच वंशातील आहेत. तिच्यात बहुधा पितळेसारख्या मिश्रधातूची एक कडी असते, जिला सिंक्रोनायझर रिंग म्हणतात. गिअर टाकताना ही कडी शंकूच्या आकाराच्या पृष्ठभागावर दाबली जाऊन घर्षणाने दोन्ही भागांची गती सारखी करते, आणि गती जुळल्यावरच दात एकमेकांत शिरू देते. म्हणजे एकाच तेलाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात: दातांवर त्याने निसरडा थर धरून झीज रोखावी, आणि कडीखाली मात्र बाजूला सरून तिला पकड घेऊ द्यावी. गिअरबॉक्सच्या तेलाच्या निवडीतील बहुतेक चुका ही दुहेरी अपेक्षा ध्यानात न घेतल्याने होतात.

डब्यावरील जीएल-४ आणि जीएल-५ या खुणा याच संदर्भात वाचायच्या असतात. या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेल्या श्रेणी असून प्रचंड दाबाखाली दातांचे रक्षण करणारी गंधक व स्फुरदयुक्त रसायने जीएल-५ मध्ये अधिक प्रमाणात असतात. पाचाचा आकडा चारापेक्षा मोठा असल्याने ते तेल अधिक चांगले, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. ही रसायने पितळी कडीला बाधू शकतात, शिवाय तेल अधिक निसरडे झाल्याने कडीची पकड उशिरा बसून गिअर कुरकुरत पडू लागतो. पूर्वीच्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाड्यांत गिअरबॉक्स पुढे आणि डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी रचना, मागच्या अॅक्सलमध्ये असे, आणि दोघांचे तेल स्वतंत्र असे. महिंद्रा बोलेरोत आजही तसेच आहे, त्यामुळे तिच्या मागच्या अॅक्सलला जीएल-५ योग्य ठरत असले तरी तेच तेल उरले म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतणे योग्य नाही. उलट १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० किंवा १९९८ मध्ये पुण्यात तयार झालेली टाटा इंडिका यांसारख्या, पुढची चाके ओढणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पेटीत बसवलेले असते. दोघांची झीज एकाच तेलात उतरते आणि त्याची स्वच्छता अधिकच महत्त्वाची ठरते.

ग्रामीण भागात नव्वद नंबर आणि एकशेचाळीस नंबर ही तेलाची नावे ट्रॅक्टरमुळे सर्वांच्या ओळखीची आहेत. हा नंबर तेलाचा दाटपणा सांगतो, पण गिअर तेलाची मोजपट्टी इंजिन तेलाच्या मोजपट्टीहून वेगळी असल्याने नव्वद नंबरचे गिअर तेल प्रत्यक्षात चाळीस ते पन्नास नंबरच्या इंजिन तेलाइतकेच दाट असते. मोटारींसाठी सांगितले जाणारे ७५ डब्ल्यू-९० किंवा ७५ डब्ल्यू-८० यांतील पहिला आकडा थंडीतील आणि दुसरा तापल्यानंतरचा दाटपणा दर्शवतो. ट्रॅक्टरसाठी आणलेले एकशेचाळीस नंबर मोटारीत घातले, तर हिवाळ्याच्या पहाटे दुसरा गिअर पडता पडत नाही, कारण दाट तेल कडीखालून लवकर सरत नाही. या दाटपणाचा एक गैरवापरही होतो, आणि जुनी गाडी घेणाऱ्याने तो ओळखलाच पाहिजे: झिजलेल्या बेअरिंगची घरघर दबावी म्हणून विक्रीपूर्वी मुद्दाम दाट तेल भरले जाते. गाडी गार असताना गिअर कमालीचा जड आणि तापल्यावर आवाज वाढलेला, असे आढळल्यास संशय घ्यायला जागा आहे.

गिअरबॉक्सच्या तेलात इंजिनप्रमाणे इंधन जळत नाही आणि काजळी मिसळत नाही, म्हणून ते पुष्कळ टिकते, हे खरे. काही कंपन्या तर ते गाडीच्या आयुष्यभरासाठी असल्याचे सांगतात. पण ते आयुष्य किती वर्षांचे धरले आहे, हा प्रश्न दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकासाठी मोलाचा आहे. दातांमध्ये सतत चिरडले गेल्याने तेलाचा दाटपणा कमी होतो, रक्षक रसायने खर्ची पडतात, धातूचा बारीक कीस साचतो, आणि इंजिन तेलासारखी गाळणी येथे बहुधा नसल्याने तो कीस तेलाबरोबरच फिरत राहतो. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत सुमारे ४०,००० ते ८०,००० किलोमीटरांच्या दरम्यान बदल सुचवलेला असतो. मीटरवरील आकड्याचा भरवसा नसलेल्या गाडीत हा हिशेब लावण्यात अर्थ उरत नाही.

जुने तेल हलवले की गिअरबॉक्स बिघडतो, असेही म्हटले जाते. ही भीती मूळची ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची आहे, ज्यात तेलात बुडालेल्या घर्षणपट्ट्या असतात. हाताने बदलायच्या गिअरबॉक्सला ती लागू होत नाही. योग्य श्रेणीच्या नव्या तेलानंतर दोष दिसलाच तर तो बहुधा आधीचाच असतो. त्याच न्यायाने, नवे तेल झिजलेली कडी भरून काढत नाही, आणि चालत्या गाडीत आपोआप सुटणारा गिअर तेलाने दुरुस्त होत नाही, हेही मान्य करावे लागते.

पाण्याचा प्रश्न या भागासाठी विशेष आहे. सप्टेंबर २०२४ च्या आरंभी हिंगोली जिल्ह्यात अतिवृष्टीने ओढेनाले रस्त्यांवरून वाहिले होते. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी ब्रीदर नावाची छोटी नळी असते. तापलेली पेटी अचानक पाण्यात गेली की आतील हवा आकुंचन पावते आणि त्या वाटेने किंवा जीर्ण ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल दुधाळ दिसते, बेअरिंगला गंज चढवते, आणि अशा गाडीत किलोमीटर मोजत न बसता ते लगेच काढावे लागते.

प्रत्यक्ष बदल कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये होतो. बहुतेक छोट्या मोटारींना दोन ते तीन लिटर तेल पुरते आणि खर्च गिअरबॉक्स उघडण्याच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ असतो. गाडी थोडी चालवून तेल कोमट करावे आणि ती सपाट जागी उभी करावी. खालचा बोल्ट काढण्याआधी तेल भरण्याचा वरचा बोल्ट सुटतो याची खात्री करून घेणे सर्वांत महत्त्वाचे, कारण तो गंजून अडकला असेल तर तेल सांडलेली गाडी जागेवरून हलवता येत नाही. निघालेले तेल फेकण्यापूर्वी नीट पाहावे: चुंबकी बोल्टावरची काळपट बारीक पूड स्वाभाविक असते, सोनेरी चकाकी पितळी कडीची झीज सांगते, आणि पोलादाचे तुकडे निघाले तर तुटलेल्या दाताचा शोध घ्यावा लागतो. काही वेळा तेलच अर्धे निघते, आणि गळतीमुळे कमी पडलेले तेल हे जुन्या तेलापेक्षा कितीतरी घातक असते. अशा वेळी सील बदलल्याखेरीज नवे तेल भरू नये. ज्या गाड्यांत बाजूचे भोक हीच पातळीची खूण असते, त्यांत तेल तेथून ओघळू लागेपर्यंत भरले जाते. काढलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते नाल्यात वा शेताच्या बांधावर न ओतता बंद डब्यात भरून जुने तेल गोळा करणाऱ्याकडेच द्यावे.

तेलाची श्रेणी गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावी, पुस्तिका हरवली असल्यास कंपनीच्या सेवाकेंद्राला गाडीचा चासी क्रमांक देऊन विचारावी, आणि बदल झाल्यावर तारीख, मीटरचा आकडा व तेलाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून ती बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी.